भरली गेली नि रिती आली

चांगुणा बोलायला लागली की गिरणीवरची रांग कितीही लांबली तरी बायका कुरकुरत नसत. पारनेर तालुक्यातलं खडकमाळ हे तिचं सासर. गाव पाण्याला महाग, पण हसायला चांगुणा होती. कुणाच्या विहिणीचा तोरा, कुणाच्या सुनेचा स्वयंपाक, कुण्या पुढाऱ्याची चाल, ती दोन शब्दांत अशी पकडायची की ते शब्द त्या माणसाला गोचिडासारखे चिकटून बसायचे. तिचा नवरा आसाराम म्हणायचा, "तुझ्या जिभेला हाड न्हाई ते बरंय. असतं तर कवाच मोडलं असतं." ट्रकवर क्लीनर असलेला आसाराम लवकर गेला. जीभ राहिली.

नवरा होता तेव्हाही घर तिनंच ओढलं. सुनील, तिचा एकुलता मुलगा, दीड वर्षाचा होता त्या साली पाऊस झालाच नाही आणि रोजगार हमीचं कामही बंद पडलं. केडगावच्या बाजूला तेव्हा एका शेठचं बारदानाचं गोडाऊन होतं. वापरलेल्या गोण्या ट्रकनं यायच्या. त्या झटकायच्या, फाटलेल्या दाभणानं शिवायच्या आणि थप्प्या लावून कांद्याच्या व्यापाऱ्यांसाठी ठेवायच्या, असं काम. शेठला बाया पाहिजे होत्या. चांगुणानं घरोघर फिरून अकरा बाया गोळा केल्या, त्यांच्या सासवांची समजूत घातली, आणि ती त्यांची मुकादमीण झाली. सकाळी टेम्पो फाट्यावर यायचा, दिवस मावळायच्या आत परत आणून सोडायचा.

गोण्या साखरेच्या असत, खताच्या असत. महिन्यातून दोनदा वेगळ्या गोण्या यायच्या, सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कुठल्याशा कारखान्यातून. त्यांच्यावर परदेशी अक्षरं छापलेली. त्या उलट्या करून काठीनं बडवल्या की आतून शेवरीच्या कापसासारखा पांढरा, मऊ भुगा उडायचा. शेडला खिडक्या दोनच. उन्हाची तिरीप आत आली की सगळी हवा चकाकायची. दुपारपर्यंत बायकांच्या भुवया, पापण्या, केस पांढरे होत आणि त्या एकमेकींकडे बघून हसत. नाकातोंडाला पदर बांधा, असं शेठनं कधी सांगितलं नाही. चांगुणानंही नाही. उलट एखादीनं बांधलाच तर ती म्हणायची, "नव्या नवरीवानी त्वांड कशाला झाकतीस गं? हात चालव." मग बाकीच्या हसायच्या आणि ती पदर सोडायची.

सुनीलची झोळी तिनं तिथंच, दोन थप्प्यांच्या मधे बांधली होती. झोळी त्याच गोणीची. बाकीच्यांपेक्षा ती मऊ होती म्हणून.

अकरा जणींत बायडाबाई तिच्या सगळ्यांत जवळची. दोघींची घरं एका भिंतीची. बायडाबाई बोलायची कमी, पण चांगुणाच्या बोलण्यावर पहिलं हसू तिचं असायचं. चांगुणा एखादी गोष्ट रंगवायला लागली की तिची नजर आधी बायडाबाईकडे जायची. ती हसली की समजायचं, जमलं. बारा वर्षं दोघींनी शेजारी बसून गोण्या झटकल्या. मग शेठनं गोडाऊन विकलं आणि तो कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. बायका पुन्हा खुरपणीला लागल्या. चांगुणाला गावात मुकादमीण हे नाव तेवढं उरलं.

पुढं बरीच वर्षं गेली. बायडाबाईचा नवरा वारला, तिचा मुलगा गोरक्षनाथ हाताशी आला. आणि मग एका हिवाळ्यात बायडाबाईचं पोट वाढायला लागलं.

वय सेहेचाळीस, कपाळ पांढरं होऊन सात वर्षं झालेली. हातपाय काडीसारखे आणि पोट सातव्या महिन्याच्या बाईसारखं. पदर कितीही ओढला तरी झाकेना. ती पाण्याला आडवेळी जायला लागली. चांगुणालाही तिनं काही सांगितलं नाही, आणि चांगुणाला राग आला तो त्याचाच. एका ताटात जेवलेली बाई आपल्यापासून तोंड लपवते म्हणजे काय. एके दिवशी बायडाबाई सकाळच्या एसटीनं एकटीच नगरला गेली. तिसऱ्या दिवशी फाट्यावर उतरली तेव्हा तिचं पोट खपाटीला गेलेलं होतं. त्याच संध्याकाळी गिरणीवर कुणीतरी विषय काढला. चांगुणा दळणाच्या डब्यावर टेकून बसली होती. ती म्हणाली, "भरली गेली नि रिती आली."

असं हसू उसळलं की गिरणीवाल्यानं पट्टा थांबवून, काय झालं म्हणून विचारलं. कुणीतरी त्यालाही सांगितलं. चांगुणाला बरं वाटलं. पुढं ही गोष्ट तिनं मनातल्या मनात अनेकदा उलटीपालटी केली, पण तेवढा भाग काही बदलेना. ती कुणाच्या दबावाखाली बोलली नव्हती, चुकून बोलली नव्हती. बोलली होती आणि तिला बरं वाटलं होतं.

ते शब्द तीन दिवसांत गोरक्षनाथपर्यंत पोचले. तो बावीस वर्षांचा, सोयरिकीची बोलणी चाललेली, ती मोडली. त्यानं आईची वाकळ आणि ताट-तांब्या उचलून मळ्यातल्या शेडमध्ये नेऊन ठेवला. महिन्याभरात बायडाबाईचं पोट पुन्हा वाढलं. गावानं पुन्हा कपाळाला हात लावला. अक्षय तृतीयेच्या आधी ती त्या शेडमध्येच वारली. कुठल्याशा बाईकडून पोट पाडून घेतलं, ते अंगावर आलं, असं गाव म्हणालं. चांगुणा मातीला गेली, बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिली आणि तोंडाला पदर लावून लवकर परतली.

यालाही बारा वर्षं झाली. गोरक्षनाथनं दूध संकलन केंद्र काढलं, त्याचं लग्न झालं. सुनील सुप्याच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागला, त्याची बायको मोनिका घरात आली. चांगुणाचे ते शब्द मात्र गावात वेगळेच नांदायला लागले होते. पाण्याचा टँकर येऊन गेला की पोरं म्हणायची, भरला गेला नि रिता आला. मोनिका गॅसच्या टाकीला तेच म्हणायची. मुळात ते कुणी कुणाला म्हटलं होतं, ते नव्या पिढीत कुणाला ठाऊक नव्हतं.

*

चांगुणाचं पोट फुगायला लागलं ते गेल्या दिवाळीनंतर. वय एकसष्ट. आधी तिला वाटलं गॅस. ओवा खाल्ला, जेवण कमी केलं. हात बारीक होत गेले, पोट वाढत गेलं. तिनं लुगड्याच्या निऱ्या खाली नेसायला सुरुवात केली, वर सुनीलचा जुना स्वेटर घालायला लागली. गिरणीवर जायचं बंद केलं. दळण मोनिकाकडं दिलं. बायकांनी काही विचारलं नव्हतं. पण लोक विचारायच्या आधी काय करतात ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

सुप्याच्या डॉक्टरनं पोटाचा टीबी सांगितला. चार महिने गोळ्या घेतल्या. लघवी लाल व्हायची, पोट काही उतरेना. शेवटी दम लागायला लागला तेव्हा सुनील तिला नगरला घेऊन गेला. तिथं सुई घालून पोटातलं पाणी काढलं. साडेपाच लिटर. काचेची बाटली भरताना ती बघत होती. बाटली भरली, दुसरी लावली, तीही भरली. पोट हळूहळू बसत गेलं आणि कातडीला सुरकुत्या पडल्या. तिच्या डोक्यात काहीतरी येऊ बघत होतं, पण तिनं ते येऊ दिलं नाही.

दोन दिवसांनी सुनीलनं तिला मोटारसायकलवर घरी आणलं. अंगणात मोनिका भांडी घासत होती. सासूला ताठ चालताना बघून तिला खरोखर आनंद झाला. ती हात पुसत उठली आणि हसून म्हणाली, "आत्या, भरल्या गेल्या नि रित्या आल्या की."

चांगुणा जागीच खाली बसली.

मोनिका घाबरली, चक्कर आली म्हणून पाणी आणायला धावली. सुनीलनं पाठीला हात लावला. तिला चक्कर आली नव्हती. तिला फाट्यावर उतरलेली बायडाबाई दिसत होती. त्या दिवशी तिच्या हातात एक कापडी पिशवी होती आणि पिशवीतून कागद डोकावत होते. दवाखान्याचे कागद. ते चांगुणानं तेव्हाही पाहिले होते.

*

पोट पंधरा दिवसांत परत भरलं. नगरच्या डॉक्टरांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मोनिका सोबत गेली. तिथं दुर्बीण घालून पोटातला तुकडा तपासायला घेतला आणि दहा दिवसांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं.

"मावशी, हा टीबी नाही," त्या म्हणाल्या. "पोटाच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असतं, त्याचा हा कॅन्सर आहे. फार कमी लोकांना होतो. मला तुम्हाला एक विचारायचंय. तरुणपणी तुम्ही काय काम करायचात?"

"शेतात," चांगुणा म्हणाली.

"फक्त शेतात? सिमेंटच्या पत्र्याच्या कारखान्यात, पाइपाच्या कारखान्यात? की घरातलं कुणी असल्या ठिकाणी होतं, ज्यांचे कपडे तुम्ही धुवायचात?"

"आत्या बारदानाच्या गोडाऊनला होत्या ना बारा वर्षं," मोनिका म्हणाली. "मुकादमीण होत्या."

मग एकेक करत सगळं निघालं. परदेशी अक्षरांच्या गोण्या, पांढरा भुगा, शेड, काठ्या. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. त्या भुग्याचं नाव त्यांनी सांगितलं, ॲस्बेस्टॉस. खनिजच ते, पण त्याचे केसापेक्षा बारीक तंतू होतात. श्वासातून, थुंकीतून आत जातात आणि आतच राहतात. तीस-चाळीस वर्षांनी वर येतात. "बायकांच्या पोटात हा रोग निघाला की बऱ्याचदा धुळीपर्यंत कुणी पोचतच नाही," त्या म्हणाल्या, "कारण बाईला कामाचं कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारते. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला असं झालं होतं का? पोटात पाणी, पोट वाढणं?"

चांगुणानं टेबलाच्या कडेकडं बघितलं. मोनिका शेजारी बसली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "कुनालाच न्हाई."

आपल्याला बायडाबाईचा शाप बाधला, असं ती गेला महिनाभर धरून चालली होती. शाप असता तर एका परीनं बरं होतं. बायडाबाईनं रागावून दिला, आपण भोगला, दोघींतलं भांडण दोघींत मिटलं. पण ही धूळ होती. तिला ना राग होता ना लोभ. बायडाबाईचा काही दोष नव्हता, आणि चांगुणाला शिक्षाही कुणी देत नव्हतं. नुसतंच दोघी शेजारी बसल्या होत्या, आणि एकीला आधी झालं, दुसरीला नंतर. मधे जे केलं ते तेवढं चांगुणानं केलं होतं.

परतीच्या गाडीत मोनिका खिडकीशी बसली होती. सुपं जवळ आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "आत्या, सुनील झोळीत असायचे म्हणालात तुम्ही डॉक्टरांना. त्या म्हणाल्या, त्यांचाही फोटो काढून घ्या छातीचा."

"ऐकलं मी," चांगुणा म्हणाली.

*

सलाइनमधून औषध सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी पुण्याला जायचं. औषधानं रोग जाणार नव्हता, थोडा थांबणार होता. डॉक्टरीणबाईंनी ते लपवलं नव्हतं. दुसऱ्या फेरीनंतर अंगात जरा बळ आलं तेव्हा एका दुपारी चांगुणा काठी टेकत दूध केंद्रावर गेली. दुपारी तिथं कुणी नसतं. गोरक्षनाथ एकटाच कॅन विसळत होता.

"बोल मावशी," तो म्हणाला. बारा वर्षं तो तिला मावशीच म्हणत आला होता. त्याच्या दारात मात्र ती कधी बसली नव्हती.

"गोरख, तुज्या आईच्या पोटात ल्येकरू नव्हतं."

तो कॅन विसळत राहिला. चांगुणानं स्वेटर वर करून आपलं पोट दाखवलं. पुण्याचं सगळं सांगितलं, गोण्यांचं, धुळीचं, बाटल्यांचं. "नगरला जाऊन पानी काढून आली हुती ती. माजं काढलं तसंच. आन गिरनीवर ते बोलनं झालं, ते बोलनं माजं व्हतं."

"ठावं हाय," तो म्हणाला. "एवढं चांगलं बोलाया गावात दुसऱ्या कुनाला येतंय?"

तिला वाटलं होतं तो ओरडेल. तिनं त्याची तयारीही केली होती. त्यानं कॅन पालथा घातला आणि त्याच्यावर बसला.

"ती मला कागुद दावत हुती," तो म्हणाला. "दवाखान्याचा. म्हनली, गोरख, वाचून तर बघ. म्या हातात घेतला न्हाई. मळ्यात ठिवल्यावर दोन टाइम भाकर द्यायचो, पन बोललो न्हाई. दोन म्हैनं. तू बोल्लीस, मावशी. खरं धरलं ते म्या."

"त्यो कागुद कुठं हाय?"

"तिच्या उशाला हुता. वाकळंसंगं जाळला."

बाहेर एक म्हैस हौदाला शिंगं घासत होती. मग तो उठला.

"माफी मागाया आली आसशील तर मला ती नगं. तिची मी द्यायची कशी? गिरनीवर बोल्ली हुतीस. गिरनीवरच जाऊन बोल."

चांगुणा व्हय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मोनिकाकडून दळणाचा डबा मागून घेतला. मोनिका नको म्हणत होती, डबा तिनंच गिरणीपर्यंत आणून दिला. चांगुणाला इतक्या महिन्यांनी बघून बायका सरकून बसल्या, कुणी तब्येत विचारली. तिच्या तोंडून काही निघालं नाही. बाजरीचं पीठ घेऊन ती घरी आली. दोन दिवसांनी पुन्हा गेली, ज्वारी घेऊन. त्या दिवशी एकीच्या लेकीच्या साखरपुड्याचं बोलणं चाललं होतं. चांगली गोष्ट कशाला नासवायची, असं मनाशी म्हणून ती परत आली. ही सबब खोटी आहे हे तिला रस्त्यातच कळत होतं. अख्ख्या आयुष्यात गिरणीवर तिला शब्द सापडला नाही, असं कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या वेळी घरात दळायला काही उरलं नव्हतं. तिनं मूठभर हरभरे पदरात बांधले आणि गेली. सात-आठ जणी होत्या. त्यांतल्या तिघी गोडाऊनवाल्या.

"पट्टा बंद कर रं बाबा जरा," ती गिरणीवाल्याला म्हणाली.

गिरणी थांबली. बायकांना वाटलं, आता चांगुणा काहीतरी सांगणार. दोघी-तिघी आधीच हसऱ्या तोंडानं तिच्याकडं वळल्या. तेच तिला सगळ्यांत जड गेलं. ती उभ्यानंच बोलली. बायडाबाईला काय झालं होतं ते बोलली. तेच आता आपल्याला झालंय, ते बोलली. "हितंच बसून मी तिला बोलले. ती चोख हुती. मला बी तवाच कळाया पायजे हुतं, तिच्या पिशवीत कागुद दिसत हुते मला. पन तुमी हसलात आन मी थांबले न्हाई." मग तिला जे सांगायचं नव्हतं तेही सांगावं लागलं. "आन गोण्या झटकायला जेवढ्या जनी माज्यासंगं आल्या, त्या समद्यांनी डाक्टरला दावून घ्या. तुमाला मीच न्हेलं हुतं."

एकजण डबा तसाच टाकून निघून गेली. ठकूबाई, गोडाऊनवाल्यांतलीच, कोपऱ्यात बसली होती. तिनं पदर पोटावर ओढून घेतला आणि विचारलं, "म्हंजी आमाला बी?"

"म्हाईत न्हाई. आसंल, नसंल."

"आन त्वांडाला पदर बांधला की तू हसायचीस."

"व्हय," चांगुणा म्हणाली.

मन मोकळं केलं की हलकं वाटतं म्हणतात. तिला काही हलकं वाटलं नाही. दाराशी आल्यावर आपण हरभरे गिरणीतच विसरलो हे लक्षात आलं, पण परत जायची हिंमत झाली नाही.

*

पुढच्या फेरीला तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "मी खोटं बोल्ले हुते. एक बाई व्हती. वारली."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आजाराची कसली लाज, मावशी?"

आजाराची नव्हती. पण ते समजावून सांगायला तिला शब्द जुळेनात. डॉक्टरीणबाईंनीही ओढून विचारलं नाही. त्यांनी नवा कागद घेतला आणि चांगुणानं बोटांवर मोजत अकरा नावं सांगितली. बायडाबाईखेरीज आणखी तिघी मधल्या काळात वारल्या होत्या; कशानं, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. एक लेकीकडं राजूरला राहत होती. बायडाबाईचं कागदपत्र काही नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. आता खात्रीनं काहीच सांगता येणार नाही, पण लक्षणं तीच वाटतात, असं त्या म्हणाल्या, आणि बायडाबाईच्या नावापुढं तसं लिहिलं. मोनिकानं त्या कागदाचा फोटो काढून गोरक्षनाथला पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून तो चांगुणाला मावशी म्हणेनासा झाला. केंद्रावरून जाताना ती दिसली तर मान खाली घालून काम करत राहतो. चांगुणाला ते बरोबर वाटतं. आधीची बारा वर्षं तो मावशी म्हणत होता, तेच आता तिला सोसवत नाही.

पावसाळा संपताना गावातल्या सहा जणी आणि सुनील, अशी सात माणसं जीप करून नगरला तपासायला गेली. चांगुणाला उलट्या होत होत्या, ती घरीच राहिली. दिवसभर ओट्यावर बसून तिनं रस्ता बघितला. जीप आली तेव्हा बायका आपापल्या घराच्या वाटेला लागल्या. सुनीलनं आत येऊन आईला रिपोर्ट वाचून दाखवला. सध्या काही नाही, दरवर्षी फोटो काढायचा. त्यानं कागदाची घडी घालून कपाटात ठेवली. मग तोंड धुवायला म्हणून मागच्या दारी गेला तो बराच वेळ आत आला नाही. चांगुणा उठून दारापर्यंत गेली. तो दगडावर बसला होता, नळ बंद होता. त्याला हाक मारावी असं तिला वाटलं. हाक मारून काय सांगायचं, ते मात्र सुचलं नाही. ती परत येऊन बसली. थोड्या वेळानं तो आला आणि तिच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून पाणी घेऊन आला.

पाच जणींचं काही निघालं नाही. ठकूबाईच्या पोटात पाणी दिसलं, अगदी थोडं.

चार दिवसांनी ठकूबाई आली. मोनिकानं चटई टाकली, ती बसली नाही. ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिली.

"मला राग न्हाई, असं म्हनाया मी आले न्हाई," ती म्हणाली. "राग हाय. माजी सासू नगं म्हनत हुती, तू तिचे पाय धरून मला न्हेलंस. पन पुन्यातल्या त्या बाईकडं कसं जायाचं, ते तुलाच ठावं."

"सांगते," चांगुणा म्हणाली. "सुप्यावरून सकाळची सव्वासातची गाडी धर. वाकडेवाडीला उतरायचं, तितनं रिक्षा. केसपेपरच्या दोन रांगा हायेत, डावीकडची बायकांची, ती लवकर सरती. उपाशीपोटी जा, रगत काढत्यात. भाकर संगं घे, दुपारचे तीन वाजत्यात. सुई घालताना दुखत न्हाई, पन पानी काढल्यावर एकदम उठू नगंस, डोळ्याम्होरं अंधारी येती."

मोनिका आतून वही घेऊन आली आणि लिहायला लागली.

"त्या कामाचं इचारतील," चांगुणा म्हणाली. "शेतात हुते म्हनू नगंस. गोडाऊनचं समदं सांग. कोन घिऊन गेलं, ते इचारलं तर माजं नाव सांग."

"सांगनारच हाय," ठकूबाई म्हणाली.

मोनिकानं पान फाडून दिलं. ठकूबाईनं ते उलटंसुलटं करून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

"तुज्या सुनंला एकदा वाचून दावायला सांग," ती चांगुणाला म्हणाली.

मोनिकानं वाचलं. सव्वासातची गाडी, डावीकडची रांग, उपाशीपोट, भाकर. ठकूबाई ओठ हलवत ऐकत होती. एका ठिकाणी तिनं थांबवून पुन्हा विचारलं, रिक्षा कुठून धरायची. मग कागदाची बारीक घडी करून चोळीत ठेवली आणि निघाली. चूल पेटलेली होती, चहा व्हायलाच आला होता. मोनिका थांबा म्हणाली, पण ती फाटकापर्यंत पोचलीसुद्धा होती.

"मंगळवारी मी जायची हाय पुन्याला," चांगुणा तिच्या पाठीकडं बघत म्हणाली. "संगं चल, एकटी नगं जाऊस."

ठकूबाई थांबली. वळली नाही.

"बघते," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी सुनीलनं आईला सुप्याच्या स्टँडवर सोडलं तेव्हा ठकूबाई आधीच येऊन बसली होती, दुसऱ्या टोकाच्या बाकावर. गाडी आली. ती पुढच्या दारानं चढली, चांगुणा आणि मोनिका मागच्या. पुण्यापर्यंत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. वाकडेवाडीला उतरल्यावर मात्र गर्दीत ती गोंधळून उभी राहिली, आणि चांगुणा काठी टेकत तिच्यापुढं जाऊन चालायला लागली, हळूहळू, मागं न बघता, रिक्षाच्या बाजूला.